लसणाची साल की वेलचीची

तुमच्या घरातल्या हॉलचा रंग कोणी ठरवला? 'आम्ही सगळ्यांनी मिळून' हे उत्तर मी धरत नाही. सगळ्यांनी मिळून कोणी रंग ठरवत नसतं. एक जण ठरवतो आणि बाकीचे मान हलवतात. त्या एकाचं नाव सांगा. आणि मग हेही सांगा की दिवसभरात ती भिंत त्याच्या डोळ्यांसमोर कितीशी असते.

मी घरं रंगवायची कामं घेते. मुख्यतः बोरीवली ते अंधेरी, अधूनमधून मुलुंड नाहीतर घाटकोपर. पहिल्यांदा दार उघडणारा माणूस माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या खांद्यावरून मागे बघतो, खरा रंगवाला कुठे आहे म्हणून. मागे सत्यवानमामा उभे असतात. मामा मूळचे मालवणकडचे, ब्रश आणि रोलर त्यांच्या हातात. मोजमाप, रंगाची निवड आणि गिऱ्हाइकाशी भांडण ही कामं माझी.

भांडण हा शब्द चुकून आलेला नाही. माझे बाबा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छापखान्यात होते. पाळी संपली की तिथेच कामगारांची पत्रकं छापायचे. घरी गठ्ठे यायचे आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं. घडी घालता घालता मी वाचायचे. विषय कधी पिण्याच्या पाण्याचा असे, कधी पंख्यांचा, कधी जेवणाच्या सुट्टीचा. पण प्रत्येक पत्रकात फिरून फिरून एकच प्रश्न यायचा : ठरवणारे कोण आणि सोसणारे कोण? तो प्रश्न माझ्या अंगात असा मुरला की शाळेत वर्गाच्या सहलीचं ठिकाण ठरलं तरी मी हात वर करायचे. बाबांना वाटलं, पोरगी वकील होणार. पोरगी रंगाच्या धंद्यात शिरली. बाबा थोडे हिरमुसले. त्यांना अजून पटलेलं नाही की या शहरात ठरवणारे आणि सोसणारे यांच्यातलं सगळ्यात जुनं भांडण कारखान्यात नाही, दोन खोल्यांच्या घरात चालतं, आणि तिथे कोणी पत्रक काढत नाही.

आधी धंद्याचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

सध्या सगळ्यांना 'सोबर' रंग हवा असतो. पूर्वी आमच्या उपनगरांत गुलाबी स्वयंपाकघरं होती, आकाशी बेडरूम होत्या, एकेक भिंत आमरसासारखी पिवळी असायची. आता माणसं शेडकार्ड उघडतात आणि थेट शेवटच्या पानांवर जातात. तिथे राखाडी, मातकट, धुरकट असे रंग रांगेने बसलेले असतात, सरकारी कचेरीत नंबर लावून बसल्यासारखे. त्यांतले दोन निवडून गिऱ्हाईक मला विचारतं, "यातला कुठला?" आणि दोन्ही इतके सारखे असतात की कार्ड उलटं धरलं तर त्याचं त्यालाच ओळखू येऊ नये.

पण ते सारखे नसतात. दुकानात पांढऱ्या रंगाचा डबा यंत्राखाली ठेवतात आणि यंत्र त्यात गडद रंगांचे थेंब सोडतं. सोबर रंगात काळा असतोच. नुसता काळा घातला तर भिंत सिमेंटची दिसते, म्हणून जोडीला किंचित तांबडा, किंवा किंचित हिरवा, किंवा पिवळा. हा किंचितपणा डब्यात दिसत नाही. कार्डावरच्या टिकलीएवढ्या तुकड्यातही दिसत नाही. चार भिंतींना लागला की मग तो बाहेर येतो, आणि तोवर मामांचे ब्रश धुऊन झालेले असतात. म्हणून आमचा नियम असा की दोन्ही रंग पुठ्ठ्याच्या हातभर तुकड्यांवर लावायचे, भिंतीवर वेगवेगळ्या जागी टेकवायचे आणि घरातल्यांनी ते सकाळी, दुपारी आणि ट्यूबलाइट लावल्यावर बघायचे. शेजारी शेजारी ठेवायचे नाहीत. शेजारी ठेवले की दोन जावांसारखे एकमेकींच्या खोड्या वाढवून दाखवतात.

कार्डावरची इंग्रजी नावं मामांच्या तोंडात बसत नाहीत आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात राहत नाहीत. त्यामुळे मामांनी आपली नावं ठेवली आहेत. एका राखाडीत तांबड्याचा अंश आहे, ती लसणाची साल. दुसऱ्या, जवळजवळ तशाच राखाडीत हिरव्याचा अंश आहे, ती जुन्या वेलचीची साल, डब्याच्या तळाशी पडून पडून रंग उडालेली. हे दोन रंग आमच्याकडे सगळ्यात जास्त जातात आणि सगळ्यात जास्त भांडणं याच दोघांवरून होतात.

घाटकोपरला दोन भावांनी एकच मोठी खोली वाटून घेतली होती. मधे अजून भिंत नव्हती. एकाला लसूण हवी, दुसऱ्याला वेलची. मी दोघांच्या अर्ध्या अर्ध्या भिंतीला ज्याचा त्याचा रंग दिला. संध्याकाळी दोघं येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शेवटी धाकटा हळूच म्हणाला, "ताई, यातला माझा कुठला?" थोरला म्हणाला, मधे एक काळी रेघ मारून द्या. मामांनी ब्रश खाली ठेवला. "रंग लावूक सांगा, लावतंय. रेघ माका मारूक येना नाय." भाऊ एकमेकांकडे बघून हसले. रेघ काही मारली गेली नाही. नंतर भिंत घातली की नाही, मला माहीत नाही.

याच्या उलट, गोराईच्या बाजूला एका कोळणीच्या घरी मी मोठ्या तोऱ्यात तीच शेवटची पानं उघडली. सगळीकडे हीच फॅशन आहे, असंही म्हणून गेले. ती नुकतीच बाजारातून आली होती, रिकामी पाटी दाराशी. तिने कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "यो काय रंग हाय, बाय? पावसालीत सगला दर्या याच रंगाचा असतं. घरान पन त्योच बगू?" आणि बोट ठेवलं ते अशा निळ्यावर, की रंगवताना मामांचा चष्मासुद्धा निळा झाला. नवरा खाटेवर जाळं विणत होता. त्याला तिने विचारलं नाही आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. मी ते घर अजून विसरलेले नाही.

मरोळचं एक घर मात्र वेगळ्या कारणासाठी लक्षात आहे. तिथल्या साहेबांचं ऑफिस घरूनच चाले. ते लॅपटॉपचा कॅमेरा लावून बसले आणि मी मागे एकेक तुकडा धरून उभी राहिले. पडद्यावर त्यांचा चेहरा कुठल्या रंगापुढे उठून दिसतो ते बघून रंग ठरला आणि तोच सगळ्या घराला लागला. काम संपवून आम्ही लिफ्टपाशी आलो तेव्हा त्यांची बायको दार ओढून घेऊन बाहेर आली. हळू आवाजात तिने विचारलं, "एखादी भिंत राहिली आहे का हो? छोटीशी, स्वयंपाकघराच्या मागची वगैरे?" राहिली नव्हती. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर मी नियम केला : घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगवेगळं विचारल्याशिवाय डब्याचं झाकण उघडायचं नाही. काही घरं या नियमामुळे हातातून गेली. जाऊ देत.

आता सुनंदाकाकूंचं सांगते. हा सगळा लेख खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला घेतला.

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला जुनी चार मजली सोसायटी. सुनंदाकाकू आणि अरविंदकाका तिथे लग्न झाल्यापासून राहतात. काका विमा कंपनीतून निवृत्त. काकूंनी नोकरी केली नाही. घर एक बेडरूम आणि हॉलचं. मुलाचं, निखिलचं, लग्न ठरलेलं होतं, मुलगी केतकी. लग्नानंतर बेडरूम त्या दोघांची होणार होती आणि काका-काकू हॉलमध्ये झोपणार होते. सोफा उघडला की पलंग होतो तसा एक घेऊनही झाला होता. म्हणजे त्या घरात यापुढे काकूंची खोली ती हॉल. सकाळी डोळे उघडल्यावर समोर जी भिंत दिसणार, ती हॉलची. आणि रंग लावायचा होता तो हॉललाच.

मी गेले तेव्हा सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील, पण घरात शिरल्यावर एकदम पाण्याखाली गेल्यासारखं वाटलं. इमारतीची बाहेरून दुरुस्ती चालू होती. परांची बांधलेली आणि तिच्यावरून, गच्चीपासून तळापर्यंत, हिरवी जाळी. वरून प्लॅस्टरचे तुकडे पडले तर रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यात जाऊ नयेत म्हणून ती लावतात. आपल्याकडे हल्ली निम्मी उपनगरं त्या जाळीआड राहतात. काकूंचं घर कित्येक महिने त्या हिरव्या उजेडात होतं. पांढरा सदरा घातलेले काका हिरवे, चहाचे कप हिरवे, भिंतीही हिरवट.

काकांनी दोन रंग आधीच काढून ठेवले होते. कुठले ते सांगायला नकोच.

मामांनी तुकडे भिंतीला टेकवले. त्या उजेडात लसणाची साल अगदी स्वच्छ, शांत राखाडी दिसत होती. वेलचीची साल शेवाळासारखी. काकांनी क्षणात निकाल दिला. "हा. पहिला. दुसरा बघ, ओल आल्यासारखा दिसतोय."

"काका, ही जाळीची करामत आहे," मी म्हणाले. "हिरव्या उजेडात याच्यातला तांबडा मरतो, म्हणून स्वच्छ दिसतो. जाळी उतरली की हा गुलाबी दिसेल. आणि दुसरा आत्ता हिरवा वाटतोय तो तेव्हा शांत होईल. जाळी निघेपर्यंत थांबा ना."

"जाळी निघणार लग्नानंतर. पुढच्या आठवड्यात केतकीच्या घरचे सगळे केळवणाला येणार. तोपर्यंत भिंतींवर ओरखडे दाखवू त्यांना?" काका हसले. "आणि डोळ्यांना दिसतंय ते खरं धरू, की तू सांगतेस ते?"

हे बरोबरच होतं. रंग त्यांचा, घर त्यांचं. मी काकूंकडे वळले. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदराला हात पुसत.

"काकू, तुम्हाला कुठला?"

"काहीही चालेल गं. केतकीला आवडेल तो लावा."

"काकू, 'काहीही' नावाचा रंग नाही माझ्याकडे."

त्या हसल्या. काकाही हसले. "अगं, कशाला तिला छळतेस? दोन्ही सारखेच तर आहेत. काय फरक पडतो?"

आणि माझं टाळकं सटकलं. "फरक पडत नाही ना? मग काकूंच्या मनातला लावू. फरकच पडत नसेल तर तुमचा तरी का?"

काकांचं हसू थांबलं. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण पत्रकं वाचून वाढलेली पोर मी. मी बोलत सुटले. या घरात दिवसभर कोण असतं, या भिंतीकडे तोंड करून भाजी कोण निवडतं, यापुढे इथे झोपणार कोण, आजवर या घराचे पडदे, फरश्या, पंखे कोणी ठरवले. सगळे प्रश्न बिनतोड होते. मध्येच दाराची बेल वाजली, मामांनी दार उघडलं, केतकी आत आली, चप्पल काढून उभी राहिली आणि ऐकत राहिली. मी आणखी जोरात बोलले. काकू हळूहळू दारातून मागे मागे सरकल्या आणि आत जाऊन त्यांनी कुकर लावला. चांगला मोठा आवाज करणारा.

केतकी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगायचं काम, त्यामुळे असेल, पण बोलते मोजकं. ती मला गॅलरीत घेऊन गेली. इमारतीच्या दुसऱ्या बाजूला दुरुस्तीवाले हातोडा मारत होते.

"ताई, सगळं बरोबर बोललात. एकदम झकास. पण एक सांगू का? काका काकूंना बोलू देत नाहीत, कारण त्यांना वाटतं काही फरक पडत नाही. आणि तुम्ही बोलू देत नाही, कारण तुम्हाला वाटतं खूप फरक पडतो. बोलू कोणीच दिलं नाही त्यांना."

"मी विचारलं ना त्यांना!"

"हो. आणि मग उत्तर द्यायला वेळच दिला नाहीत." तिने खांदे उडवले. "मला पण राग येतोय, माझं नाव का घेतात प्रत्येक वेळी? मला बेडरूमचं विचारा, मी धडाधड सांगते. हॉल त्यांचा आहे. मी इथे यायच्या आधीच त्यांनी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं राहायला लागू नये, एवढंच मला वाटतं. नाहीतर मग मी कशी राहू इथे?"

हे मला सुचायला हवं होतं, आणि ते तिने सांगितलं. मी गप्प बसले, जे मला जमत नाही. आम्ही दोन्ही तुकडे तिथेच सोफ्यावर ठेवले. काकांना सांगितलं, उद्या येतो, तोवर बघून घ्या. काकूंना काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या मजल्यावर पोचलो तर दार सताड उघडं आणि आत आवाज. सोसायटीचे सेक्रेटरी हसमुखभाई हॉलच्या मध्यभागी उभे. काका बनियनवर, हातात वर्तमानपत्र. आणि हॉलमध्ये ऊन पडलेलं. म्हणजे खरंखुरं ऊन, पांढरं, फरशीवर चौकोनी चादर घातल्यासारखं. खिडकीबाहेरच्या जाळीला खिडकीच्याच मापाचं भगदाड होतं. कडा सरळ, व्यवस्थित कापलेल्या.

"अरविंदभाई, पण ही जाळी सोसायटीची हाय ना!" हसमुखभाई कळवळून बोलत होते. "वरून काय पडला तर? कोण जिम्मेदार? कापली कोणी?"

काका गडबडून गेले होते. ते पहाटे फिरायला गेले होते आणि परत येतात तो हे. "उंदीर असतील हो," ते म्हणाले. "पार्कातून येतात, केवढाले असतात..."

"उंदीर? असा चौकोन?"

"मी कापली."

काकू खिडकीशी उभ्या होत्या. हातात स्वयंपाकघरातली कात्री होती, दुधाच्या पिशव्या कापायची. आवाज मोठा नव्हता, पण त्यात डगमग नव्हती. हसमुखभाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग कात्रीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "सुनंदाबेन? तुमी?"

"हो. मला बघायचं होतं माझ्या घरात उजेड कसा पडतो. विसरायलाच झालं होतं."

"अगं पण विचारायचंस तरी," काका पुटपुटले.

"कोणाला?" काकूंनी साधेपणाने विचारलं. खरंच विचारत होत्या. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

मी तोंड उघडलं. मामांनी मागून माझ्या कोपराला धरलं आणि मी ते मिटलं. खोलीत कोणी बोलेना. खाली कुठेतरी रिक्षा वळत होती. ती शांतता माझ्या हिशेबाने फार लांबली, पण आजवर मी गिऱ्हाइकाच्या घरी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच असावं, ती शांतता न मोडण्याचं.

काकूंनी सोफ्यावरचा एक तुकडा उचलला आणि उन्हाच्या बाजूच्या भिंतीला लावला. लसणाची साल. त्या उजेडात ती गुलाबी झाली होती, लग्नात आजीबाईंच्या गालाला कोणीतरी जबरदस्तीने पावडर लावावी तशी. मग दुसरा. वेलचीची साल. तिच्यातला हिरवा कुठे गेला कळेना. नुसता गार, शांत, सावलीसारखा रंग.

"हा," काकू म्हणाल्या. "हा लावा. पण खिडकीची भिंत पांढरी ठेवा. आणि या कोपऱ्यात मला एक दिवा हवाय, खाली येणारा, वाचायला. सोफ्याचं डोकं मी या बाजूला करणार आहे. सकाळी मला पार्काकडची बाजू दिसली पाहिजे. आत्ता दिसत नाही, पण जाळी निघाल्यावर दिसेल."

एका रंगाचा प्रश्न विचारला होता आम्ही. त्यांच्याकडे अख्ख्या खोलीचं उत्तर तयार होतं. किती दिवसांपासून होतं, ते त्यांनाच माहीत.

काका तुकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन्ही सारखेच दिसतायत मला अजून."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या.

हसमुखभाईंचा मुद्दा मात्र खरा होता, आणि तो इथे लपवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. जाळी कोणाच्या तरी डोक्यासाठी असते. काकूंनी ते लगेच मान्य केलं. परांचीवरच्या एका कामगाराला हाक मारली, चहा दिला आणि तो चौकोन सुतळीने शिवून घ्यायचं ठरलं. पण तो शिवला जाईपर्यंत जी मजा झाली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. बातमी जिन्याने वर-खाली गेली होती. समोरच्या घरातल्या आजी आल्या, वरच्या मजल्यावरची शिक्षिका आली, हसमुखभाईंची बायको हंसाबेन तर गुजराती पेपर हातात घेऊनच आली. कोणी काही निमित्त सांगितलं नाही. आल्या आणि त्या उन्हाच्या चौकोनात उभ्या राहिल्या. आजींनी तर फरशीवर बसकणच मारली. "किती दिवसांनी गं," त्या म्हणाल्या. हंसाबेन नवऱ्याला म्हणाली, "आपल्या घरात पण कापा ने." हसमुखभाई खाली गेले. पुढच्या सभेत त्यांनीच ठेकेदाराला धारेवर धरलं की ज्या बाजूचं काम झालंय तिथली जाळी अजून का उतरवली नाही. केळवणाच्या आधी काकूंच्या बाजूची जाळी उतरली. हे मी घडवलं असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

हॉल वेलचीच्या सालीचा झाला. मामांनी शेवटचा हात फिरवला तेव्हा काकू स्टुलावर बसून बघत होत्या. "मामा, कोपऱ्यात थोडं राहिलंय," असं दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा राहिलं नव्हतं, पण मामांनी मुकाट्याने पुन्हा ब्रश फिरवला.

केळवणाला मला बोलावलं होतं. केतकीची आई हॉलमध्ये शिरली, भिंतीकडे बघून म्हणाली, "छान रंग आहे हो, कोणी निवडला?" काका पाण्याचे ग्लास घेऊन येत होते. ते थांबले, ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "हिने. आणि खोलीचं पण हिनेच ठरवलंय सगळं. मला पण जागा हिनेच दिलीय, त्या बाजूला." आवाजात थोडी तक्रार होती आणि थोडी फुशारकी. काकू आतून पुरणपोळी घेऊन आल्या, केतकीच्या आईला म्हणाल्या, "बसा ना, इथे बसा, इथून झाडं दिसतात." केतकी माझ्याकडे बघून हसली आणि आपल्या पोळीवर तूप ओतून घेऊ लागली.

मी अजून भांडते. मरोळच्या त्या बाईंसारख्या बायका अजून लिफ्टपाशी भेटतात, आणि वरच्या आवाजात विचारलेला प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे मला आता कळतं. शिवाय हे फक्त बायकांचं नाही. आजोबा असतात, घटस्फोट घेऊन परत आलेली बहीण असते, गावाहून शिकायला आलेला पुतण्या असतो. घरात कोणीतरी एक माणूस असतोच, ज्याला कधी काही विचारलं जात नाही आणि विचारलंच तर उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही.

म्हणून वाचणाऱ्याला एकच विनंती. या वर्षी तुमच्याकडे रंगाचा विषय निघाला, नाहीतर पडद्यांचा, नाहीतर सोफ्याचा, ज्याचा निघेल त्याचा, तर तुमच्या घरातलं ते माणूस कोण हे आधी मनाशी ठरवा. दोन तुकडे त्याच्या हातात द्या. काही समजावू नका, आपली आवड सांगू नका, फायदे-तोटे सांगू नका. चप्पल घाला आणि घराबाहेर जा. भाजी आणा, कट्ट्यावर बसा, कोणाला तरी फोन करा. सगळ्यांनी जा, त्याला एकट्याला घरात राहू द्या. आणि परत आल्यावर ते जे सांगेल, ते 'का?' न विचारता करून टाका.

या रविवारी जा.